चौथ्या फोटोला बंद पडणारा टॅब

मुलुंडला लग्नं जुळवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची वेबसाइट उघडेपर्यंत मुलीचं लग्न दुसरीकडे ठरतं, असं त्यांचेच ग्राहक म्हणायचे. मी बघितलं तर एकेका मुलीचा फोटो भिंतीवर लावायच्या पोस्टरच्या मापाचा, आणि पानावर दिसायचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. म्हटलं, "बाई, हे फोटो हलके करावे लागतील." त्या ताडकन म्हणाल्या, "मुलींचे फोटो हलके केले तर स्थळंही हलकीच येतील!" मग मी एकाच मुलीचे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले, एक मूळचा आणि एक त्याच्या विसाव्या हिश्श्याचा, आणि विचारलं, यातला हलका कुठला ते दाखवा. बाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि ठामपणे मूळच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा. यात हिचं नाक नीट आलेलं नाही."

तर हा माझा धंदा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमचं पाचसहा जणांचं ऑफिस आहे. लोकांच्या वेबसाइट आणि ॲप कशामुळे रखडतात ते शोधायचं आणि त्यांचा जडपणा काढायचा. आमच्या घाटकोपरच्या चाळीत कोणी विचारलं की माझी आई सांगायची, "ती कॉम्प्युटरचं वजन कमी करते." आई फारशी चुकत नव्हती. वेबसाइटच्या अंगावरची चरबी बहुतेक वेळा फोटोंचीच असते.

या धंद्यातली साधी गोष्ट आधी सांगते. फोटो म्हणजे शेजारीशेजारी मांडलेले रंगीत ठिपके. ते सगळे जसेच्या तसे लिहून ठेवले तर फाइल अगडबंब होते. म्हणून ती थोडक्यात लिहायची. निळ्याशार आकाशाचे हजार ठिपके असतील तर 'निळा, निळा, निळा' असं हजारदा लिहिण्याऐवजी 'निळा, हजार वेळा' असं लिहायचं. शिवाय डोळ्याला कळणारच नाहीत असे बारकावे गाळून टाकायचे. फाइल हलकी झाली की नेटवरून भरभर येते, पान पटकन उघडतं, गिऱ्हाईक खूश. माझ्या निम्म्या कामांमध्ये एवढं केलं की पुरे होतं, आणि अनेक वर्षं मलाही वाटायचं की सगळी गंमत फाइलच्या वजनातच आहे. गोराईच्या कामाने तो समज मोडला. इतक्या वर्षांत कुठलं काम करताना सगळ्यात मजा आली, असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून हेच सांगेन.

मुलुंडला डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना आहे. साखरेचा आजार असलेल्यांच्या डोळ्याचा पडदा आतून खराब होत जातो, तो दुखत नाही, खुपत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. खाडीपलीकडच्या गोराई गावातल्या माणसाने तपासणीला मुलुंडला यायचं म्हणजे होडी, रिक्षा, गाडी करत अख्खा दिवस मोडायचा. कोण येतो? म्हणून दवाखान्यानेच जयश्रीला गावोगाव पाठवायला सुरुवात केली होती. जयश्री ही डोळे तपासणारी मुलगी, तिशीची, कामाला एकदम वाघ. तिच्याकडे हातात धरायचा एक कॅमेरा आणि एक टॅब. पेशंटच्या डोळ्यात थेंब घालायचे, बाहुली मोठी होऊ द्यायची, कॅमेरा डोळ्याला लावून आतल्या पडद्याचे फोटो काढायचे. ते टॅबवर दिसायचे आणि तिथून मुलुंडला डॉक्टर सामंतांकडे जायचे. डॉक्टर बघून सांगायचे की याला पुढच्या वर्षी बोलवा, त्याला उद्याच आणा.

कल्पना फर्स्ट क्लास होती. पण ॲप आधी कोणीतरी करून देऊन निघून गेलेलं, आणि तक्रारी दोन. फोटो जायला फार वेळ लागतो, आणि ॲप मधेच आपोआप बंद पडतं. मी मनात म्हटलं, दोन्ही रोगांवर औषध एकच. फोटो जड आहेत, दाबून हलके करू.

डॉक्टर सामंत हा शांत, कोरडा माणूस. आमच्या पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की काय करणार?"

"फोटो दाबणार, सर."

"किती?"

"फरक दिसणार नाही इतका."

"कोणाला दिसणार नाही? तुम्हाला की मला?"

त्यांनी एक फोटो पडद्यावर मोठा केला. पिकल्या संत्र्याच्या रंगाचा गोल आणि त्यात लाल शिरांचं जाळं. एका जागी त्यांनी पेन टेकवलं. "इथे काय आहे?"

"धुळीचा कण असेल."

"हा रक्तवाहिनीला आलेला फुगा आहे. पडदा बिघडायला लागला की पहिली खूण ही. तुम्ही हिला धूळ म्हणालात, तुमचं मशीनही धूळच म्हणणार आणि पुसून टाकणार."

खरंच होतं ते. फोटो दाबणारं गणित धूर्त असतं. माणसाला सहसा काय कळत नाही ते त्याला ठाऊक असतं आणि नेमकं तेच ते गाळतं. एकटादुकटा बारीक ठिपका हा त्याचा पहिला बळी. लग्नाच्या फोटोत एखादा तीळ गेला तर कोणाचं काही बिघडत नाही, पण इथे त्या तिळासाठीच सगळा खटाटोप चाललेला.

मला मात्र चेव आला. मी आणि ऑफिसातला माझा जोडीदार परेश, आम्ही डॉक्टरांच्या खोलीत ठाण मांडलं. परेश घाटकोपरचाच, गुजराती, माझ्याहून अस्सल मराठी शिव्या देणारा. आम्ही जुने फोटो घेतले, प्रत्येकाच्या कमीजास्त दाबलेल्या प्रती केल्या, त्यात मूळ फोटोही मिसळले आणि कुठला कोणता हे न सांगता डॉक्टरांपुढे एकेक टाकत गेलो. ते प्रत्येकात काय दिसतं ते सांगायचे, परेश मागे बसून पडताळायचा. फार दाबलेल्या फोटोंवर ते लगेच थांबायचे. "हा नको. इथे चौकटी दिसतायत, त्यात मला नसलेली जखम दिसेल." जरा कमी दाबलेल्यांवरही कधीतरी अडायचे. मग एक टप्पा असा आला की डॉक्टर न अडखळता बोलत सुटले आणि त्यांचं एकही उत्तर मूळ फोटोपेक्षा वेगळं येईना. आम्ही पुन्हापुन्हा फोटो बदलून बघितलं. उत्तरं तीच. पाच एमबीचा फोटो एक एमबीवर आला होता आणि डॉक्टरांच्या नजरेतून एक ठिपकाही सुटला नव्हता.

"आता हा माझा फोटो झाला," डॉक्टर म्हणाले. त्यांच्याकडून एवढं ऐकणं म्हणजे हारतुरेच. गाळ्याखालच्या टपरीवर परेशने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या शिबिरावरून जयश्रीचा फोन आला. "मॅडम, फोटो भराभर जातायत! आधी एक जाईपर्यंत पेशंट घरी पोचायचा."

"आणि टॅब?"

"तो अजून बंद पडतो."

"कितव्या फोटोला?"

"दर पेशंटला नाही, पण पडतो तो चौथ्यालाच. पहिल्यासारखाच."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत ताठ बसले. पहिल्यासारखाच! फोटोचं वजन पाचपट कमी केलं होतं. वजनाने टॅब दमत असता तर तो आता पंधराव्या-विसाव्या फोटोला बंद पडायला हवा होता. तो अजूनही चौथ्यालाच बंद पडत होता, म्हणजे टॅबला फाइलच्या वजनाशी देणंघेणंच नव्हतं. अशा वेळी वाट लागल्याची भीती असतेच, पण बिळाचं तोंड सापडल्याचा आनंदही असतो. आमच्या ऑफिसातल्या महागड्या फोनवर ॲप काही केल्या बंद पडेना. शेवटी मी परेशला म्हटलं, "मी गोराईला चालले. तू फोन जवळ ठेव."

गोराईतलं शिबिर चर्चच्या हॉलमध्ये होतं. खिडक्यांना पडदे, आत अंधार, बाकांवर डोळ्यात थेंब घालून बसलेली मंडळी. मी पोचले तेव्हा जयश्रीसमोर फिलोमिना मावशी बसली होती. साठी उलटलेली, अंगाने काटक, स्वतःच्या वाडीत पालक, मुळा, वांगी पिकवून होडीने बोरिवलीला नेऊन विकणारी. साखर जुनी. म्हणाली, डाव्या डोळ्यासमोर काही दिवसांपासून काळी माशी फिरते, मारायला गेलं तर हात रिकामाच येतो.

जयश्रीने उजव्या डोळ्याचे दोन फोटो काढले. डाव्याचा एक काढला. डाव्याचा दुसरा काढला, तो पडद्यावर क्षणभर चमकला आणि टॅब काळा झाला. मग ॲपच गायब. पुन्हा उघडलं तर मावशीचा एकही फोटो नाही. चारी फोटो पुरे झाल्याशिवाय ते साठवायचेच नाहीत, अशी त्या ॲपची रीत होती.

"मावशी, परत एकदा हां. सॉरी."

पुन्हा कॅमेऱ्याच्या प्रकाशाचे चार झोत. पुन्हा चौथ्याला काळोख.

मावशी उठली. "डोला हाय का नारल? कितींदा फोडनार?"

"मावशी, एकदाच, प्लीज."

"मी नाय बसनार. मना आता सगला हिरवा दिसतंय." पदराने डोळे पुसत, बरोबर आलेल्या सुनेचा हात धरून ती निघालीसुद्धा.

जयश्रीचा चेहरा पडला होता. मला कोपऱ्यात नेऊन ती हळूच म्हणाली, "मॅडम, शेवटचा फोटो दिसला तुम्हाला? डावीकडे खाली लाल पट्टा होता. रक्त असणार. मी डॉक्टर नाही, पण हे सरांनी आजच बघायला हवं. आणि त्या आता परत यायच्या नाहीत."

"थेंबांचा परिणाम कधीपर्यंत राहील?"

"दुपार टळेपर्यंत. मग बाहुली आकसली की पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं. ते तर त्या मुळीच करणार नाहीत."

मी टॅब आणि माझा लॅपटॉप घेऊन मागच्या बाकावर बसले. आधी काढलेले कुणाचे तरी फोटो उघडले आणि नुसती बघत राहिले. वर एक मोठा फोटो. खाली एक पट्टी, त्यात आतापर्यंतचे फोटो नखाएवढे. पेशंट बदलला की पट्टी रिकामी, मग पुन्हा एक, दोन, तीन. ती नखाएवढी चित्रं मी अनेकदा बघितली होती. आज पहिल्यांदा स्वतःला विचारलं, ही नखाएवढी आली कुठून? कोणी कापून लहान केली?

लॅपटॉपवर ॲपचं पोट उघडलं आणि दिसलं. कोणीच केली नव्हती! प्रत्येक नखाएवढ्या चौकटीत तोच पूर्ण फोटो उघडून बसवलेला होता.

"जयश्री!" मी एवढ्या जोरात हाक मारली की बाकांवरच्या सगळ्या बायका डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागल्या. जयश्री धावत आली. तिला कळावं म्हणून मी जे बोलले ते आता इथेही लिहिते, कारण यापेक्षा सोपं मला आजही सुचत नाही.

"नऊवारी साडीची घडी घातली की ती एवढीशी होते ना? दाबून, इस्त्री करून आणखी छोटी होईल. पिशवीत घेऊन जायला सोपी. पण नेसायची तर उलगडावीच लागणार, आणि उलगडली की नऊ वारच. फाइल म्हणजे घडी. आपण घडी बारीक केली, म्हणून फोटो भराभर जायला लागले. पण टॅबला फोटो दाखवायचा तर तो उलगडावा लागतो, ठिपका न् ठिपका. आणि ठिपके आपण एकही कमी केलेला नाही!"

हिशोबच बघा. कॅमेऱ्याचा फोटो आडवा चार हजार ठिपक्यांचा, उभा तीन हजारांचा. म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. एकेका ठिपक्याला मेमरीत चार घरं लागतात. दहा लाख घरं म्हणजे एक एमबी, झाले जवळजवळ अठ्ठेचाळीस एमबी. फाइल पाच एमबीची असो नाहीतर एकची, उलगडली की अठ्ठेचाळीसच. नखाएवढी दाखवा नाहीतर भिंतीएवढी, अठ्ठेचाळीसच. एक वरचा मोठा, खाली पट्टीत एक, दोन, तीन, चार, शिवाय आधीच्या पेशंटचा एखादा उलगडलेला फोटो हे ॲप कधीकधी आवरायचंच विसरायचं. देणगीतून आलेला तो गरीब टॅब. त्याच्याकडे एका ॲपला देण्याजोगी जागा ती किती! जागा संपली की टॅब शहाण्यासारखं एकच करतो, सगळ्यात जास्त पसरलेल्याला बाहेर काढतो. आमचं ॲप पसरलेलं होतं, तेच बाहेर जात होतं. आमचा ऑफिसातला फोन चांगला ऐसपैस, म्हणून तिथे काही दिसायचं नाही.

परेशला फोन लावला. मी दोन वाक्यं बोलले आणि तो ओरडला, "अरे यार! पट्टी! ती पट्टी!"

"पट्टीतले फोटो उघडतानाच लहान मापात उघडायचे. मी ते करते. आधीच्या पेशंटचे कुठे अडकलेत ते तू शोध."

"वरचा मोठा?"

"तो टॅबच्या पडद्याएवढाच उघडायचा. पडद्यावर जेवढे ठिपके आहेत त्यापेक्षा जास्त दाखवणार कुठे? मूळ फाइलला हात लावायचा नाही, डॉक्टरांकडे जाईल ती पूर्णच जाईल. आणि फोटो निघाला की आधी साठवायचा, मग दाखवायचा. चारची वाट बघायची नाही."

"सगळं आज?"

"आत्ता."

इतक्या गर्दीगोंगाटात मी कधीच काम केलेलं नाही. शेजारी पाव आणि चहा वाटला जात होता, एक आजोबा मला विचारत होते की माझा नंबर कधी, आणि फोनच्या स्पीकरवर परेश अंधेरीहून एकेक ओळ वाचत होता. बदल मोठा नव्हता. पट्टीसाठी तर जेमतेम दोनतीन ओळी. मोठी अडचण कुठे बघायचं ही असते, आणि आता ते माहीत होतं. आधीचे फोटो कुठे अडकलेत ते परेशला सापडलं तेव्हा तो इतका हसला की आजोबाही हसले.

केबल लावून नवं ॲप टॅबवर चढवलं. जुने फोटो त्यात सोडायला लागले. एक, दोन, तीन. चौथा. जयश्रीने माझा खांदा घट्ट धरला होता. टॅब चालूच. सहावा, आठवा, बारावा. चालूच! जयश्री उड्या मारायला लागली, मीही मारल्या असत्या, पण गुडघे.

"चल," मी म्हटलं. "मावशीच्या घरी."

फिलोमिना मावशी अंधाऱ्या खोलीत खिडकी लावून बसली होती, कारण थेंब घातल्यावर उन्हात बघवत नाही. आम्हाला दारात बघितल्यावर म्हणाली, "आल्या ग बाय, लायट घेऊन आल्या."

मी खाली तिच्या पायाशी बसले. "मावशी, टॅब बिघडला होता. आता नीट केलाय."

"मगाशीपन ती तेच बोलली."

"मग आधी माझे काढते ती. तुमच्यासमोर. माझ्या डोळ्यात बंद पडला तर आम्ही निघून जाऊ."

मावशीने तोंड फिरवलं. तिची सून मात्र पुढे सरकून बसली. जयश्रीने माझ्या उजव्या डोळ्याला कॅमेरा लावला. तोपर्यंत मी त्या कॅमेऱ्याच्या हजारो फोटोंशी खेळले होते, पण तो झोत स्वतः कधी घेतला नव्हता. अंगावर वीज पडावी तसा पांढरा, मग सगळं हिरवं. दुसरा. मग डावा, दोनदा. चौथ्या झोतानंतर मला काही दिसेना. मी विचारलं, "चालू आहे का?"

"चालू आहे!" हे ओरडली मावशीची सून.

"परत दोन काढ," मी म्हटलं.

"पुरे गो," मावशी म्हणाली. "आंधली होशील. सरक तिकडं. माझा काढ."

जयश्रीने काढले. उजव्याचे दोन, डाव्याचे दोन, आणि मग तो लाल पट्टा नीट मधोमध येईल असा पाचवा. टॅब चालू. नेटची एकच काडी होती, त्या एका काडीवर ते पाच फोटो सुटले, कारण घडी बारीक होती. मी कधीच देवाधर्माची नव्हते, पण त्या खोलीत पाचही फोटोंपुढे बरोबरची खूण उमटेपर्यंत मी हात जोडून बसले होते.

डॉक्टर सामंतांचा फोन लगेच आला. त्यांनी नमस्कारही केला नाही. "डाव्या डोळ्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या आहेत, एक फुटलीय. उद्या सकाळी आणा. लेसर लागेल. थांबून चालणार नाही." मग विचारलं, "फोटो पुन्हा लहान केलात का तुम्ही?"

"नाही सर, फोटो तोच. फक्त टॅबने तो किती उलगडायचा ते बदललं."

"मला काही कळलं नाही," ते म्हणाले. "पण असंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या होडीने जयश्रीने मावशीला आणलं. लेसर एका दमात संपत नाही, काही आठवड्यांत तीनचार बैठका झाल्या. प्रत्येक वेळी मावशी डॉक्टरांसाठी पालकाची जुडी आणायची आणि प्रत्येक वेळी सांगायची की ही शेवटची. त्या काळात आम्ही ॲप नीट बांधून काढलं. मुलुंडला डॉक्टर फोटो मोठा करत जातात तेव्हा सगळा फोटो न उलगडता जेवढा भाग बघायचाय तेवढाच तुकडा उलगडायचा, अशी सोय केली. फोटोवर बोट फिरेल तसे तुकडे येतात आणि मागचे आवरले जातात. डॉक्टरांना वाटतं फोटो एकसंध आहे. तसंच वाटायला हवं.

एक मात्र टोचतं. त्या शिबिरांतून आधी किती माणसं मावशीसारखी वैतागून उठून गेली असतील? त्यांचे फोटो नाहीत, म्हणून नावंही नाहीत. जयश्रीने पुढे घरोघर फिरून काही जणांना परत आणलं. सगळे सापडले असं ती कधी म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. आमच्या धंद्यात पान उघडायला वेळ लागला की माणूस निघून जातो, याचा आम्ही नेहमी हिशोब मांडतो. निघून गेलेला माणूस गोराईच्या वाटेवर सुनेचा हात धरून चालताना बघितल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

मावशीची शेवटची बैठक झाली त्या दिवशी मी मुद्दाम मुलुंडला गेले. डोळ्यातलं रक्त हळूहळू विरत गेलं होतं. डॉक्टरांनी तिला मोठ्या पडद्यावर तिच्याच डाव्या डोळ्याचा नवा फोटो दाखवला, शिरांपासून बारीक ठिपक्यांपर्यंत आत नेत नेत. मावशी बघतच राहिली. मग तिने पिशवीतून स्वतःचा फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "यात टाक. माझ्या पोराला धाडायचाय. तो कुवेतला हाय. त्याला पन बघू दे, आईच्या डोल्यात काय काय हाय."

मी टाकायला गेले तर फोन म्हणाला, जागा नाही. आत फुलांचे, सूर्योदयाचे आणि शुभ सकाळचे शेकडो फोटो ठासून भरलेले.

"मावशी, काही काढावे लागतील."

"काढ. कचराच हाय." पण मी पहिल्यावर बोट ठेवताच तिने माझा हात धरला. "थांब. दाखव आधी."

मग आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते आणि ती सांगत होती, हा काढ, हा काढ, हा नको, हा भावाने धाडलाय. जुन्या फोटोचा फोटो काढलेला एक आला. पिवळट, इतका लहान आणि धूसर की मला नुसते डाग दिसले. मी तो काढणार होते.

"नाय," मावशी म्हणाली. तिने उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट धरला आणि नुसत्या डाव्या डोळ्याने फोनवर वाकली. "ही माझी आय. मागं विहीर हाय बघ. आनि हातात तिच्या लोटी हाय."

मी फोन डोळ्यांजवळ नेला. खरंच, लोटी होती.